गीझर १८४ व्होल्ट, ६.९ अँपिअर दाखवतोय. मग २००० वॉट गेले कुठे?

चिऱ्याचे_घर
नमस्कार मंडळी. मुक्काम गोव्यातला डिचोली तालुका, जुनं चिऱ्याचं घर, धो धो पाऊस. आईला आंघोळीला गरम पाणी लागतं म्हणून न्हाणीत १५ लिटरचा गीझर बसवलाय. त्यावर लिहिलंय २००० वॉट, २३० व्होल्ट. सकाळी ठीक चालतो, पण संध्याकाळी देवाकडे दिवा लावायच्या वेळेला पाणी तापता तापत नाही. दुकानदार म्हणतो, "कॉइल वीक झाली, बदलून टाका." गीझर जेमतेम वर्षाचा आहे, त्यामुळे खिशात हात घालायच्या आधी विचारतोय.

भाच्याचा क्लॅम्प मीटर घरात आहे, तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा. संध्याकाळी गीझर चालू असताना गीझरच्या पॉइंटवर १८४ व्होल्ट मिळाले आणि फेजच्या तारेत ६.९ अँपिअर. यावरून रोध आणि वॉट कसे काढायचे? आणि कॉइल गेली की नाही ते या आकड्यांतून कळतं का? दहावीला ओहमचा नियम पाठ होता, पण तेव्हा गीझर नव्हता.

सोलकढी
भागा आणि गुणा.
१८४ ÷ ६.९ = २६.७ ओहम
१८४ × ६.९ = १२७० वॉट
धागा बंद करायला हरकत नाही.

भाणावरचा
न्हाणीतलं तांब्याचं भाण मोडीत काढलं नसेल तर खाली नारळाची चार सोडणं पेटवा. शून्य व्होल्टलाही पाणी तापतं, वर धुराने डास पळतात.

फोंड्याची_टीचर
सोलकढी, उत्तर बरोबर, पण पहिला अर्धाच प्रश्न सुटला. कॉइल गेली का, हे कळायला तुलना हवी.

गीझरवरच्या लेबलवरून चांगल्या कॉइलचा रोध काढता येतो. २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. आता २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम. तुमच्या मोजमापातून आला २६.७. एवढा फरक मीटरच्या चुकीतच जातो. म्हणजे कॉइल जशी कारखान्यातून आली तशीच आहे. दुकानदाराला हा हिशोब दाखवा.

वॉट कमी का, तर व्होल्ट कमी आहेत म्हणून. आणि इथे लोक फसतात. १८४ म्हणजे २३० च्या बरोबर ८० टक्के. त्यामुळे वॉटही ८० टक्के असतील असं वाटतं. पण रोध तोच राहिला तर व्होल्टबरोबर अँपिअरही ८० टक्क्यांवर येतात, आणि वॉट म्हणजे दोघांचा गुणाकार. ०.८ × ०.८ = ०.६४. दोन हजारांचे ६४ टक्के १२८०. सोलकढींनी काढलेले १२७० आणि हे १२८० जुळतात की नाही बघा.

वेळही काढून ठेवते. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ पर्यंत न्यायला साधारण १७.६ लाख ज्यूल लागतात. २००० वॉटला १५ मिनिटं, १२७० वॉटला २३. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली तर जरा जास्तच.

मानकुराद
टीचर, एक शंका. व्होल्टेज पडलं की करंट वाढतो असं आमच्याकडे सगळेच सांगतात. बांयवरचा, म्हणजे विहिरीवरचा, पंप कमी व्होल्टेजवर गरम होतो तो म्हणूनच ना? मग गीझरचा करंट कमी कसा?

अर्धवट_इंजिनियर
बरोबर बोललात मानकुराद. वॉट लेबलवर लिहिलेले असतात, ते ठरलेले. वॉट = व्होल्ट × अँपिअर. व्होल्ट कमी तर अँपिअर वाढलेच पाहिजेत. साधं गणित आहे.

सोलकढी
मग त्यांच्या मीटरने ६.९ ऐवजी १०.९ दाखवायला हवे होते. मीटर तुमचं ऐकत नाही म्हणजे मीटरला गणित येत नाही?

अर्धवट_इंजिनियर
मीटर भाच्याचा आहे. स्वस्तातला असेल.

निवृत्त_वायरमन
अरे बाबांनो, भांडू नका. दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या यंत्रांबद्दल बोलताय.

गीझर, इस्त्री, टोस्टर, जुना पिवळा बल्ब, हे सगळे नुसते रोध. त्यांना वॉट किती लिहिलेत ते कळत नाही, समोर जेवढे व्होल्ट येतील तेवढ्याच प्रमाणात करंट घेतात. व्होल्ट पडले, करंट पडला.

एलईडी दिवा, टीव्ही, मोबाइल चार्जर, लॅपटॉप यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्यातली बरीचशी आपल्याला हवे तेवढे वॉट घेतातच. व्होल्ट कमी मिळाले तर करंट जास्त ओढतात. अर्धवट बाब, तुझं गणित इथे लागू.

मोटर तिसरीच जात. पाणी वर चढवायचं काम तेवढंच असतं. व्होल्ट पडले की मोटरचा जोर कमी होतो, ती किंचित हळू फिरते आणि करंट जास्त घेते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट. माझ्या नोकरीत जळालेले पंप बघितले ते बहुतेक उन्हाळ्याच्या संध्याकाळचे.

मानकुराद
देव बरें करूं, काका. आता कळलं.

वास्को_ते_पुणे
म्हणजे कमी व्होल्टेजला गीझरचं बिल कमी येतं? मग चिऱ्याचे_घर यांना तक्रार कसली आहे, त्यांचा फायदाच चाललाय.

फोंड्याची_टीचर
नाही हो. बिल वॉटचं नसतं, युनिटचं असतं. एक युनिट म्हणजे हजार वॉट एक तास. पाणी तेवढंच, तापवायचं तेवढंच, त्यामुळे युनिट तेवढंच: अर्ध्याला जरा कमी. वॉट कमी, वेळ जास्त, गुणाकार तोच. उलट टाकी जास्त वेळ तापत राहिली की थोडं वायाच जातं.

काणकोणकार
हा धागा वाचून मीही क्लॅम्प मीटर विकत घेतला. इस्त्रीच्या वायरीला लावला. शून्य अँपिअर. इस्त्री मात्र हात भाजेल इतकी गरम. आता ही कुठली जात, काका?

निवृत्त_वायरमन
अख्खी वायर चिमट्यात धरलीस ना? आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आहेत. एकीतून जेवढा जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटरला काही दिसत नाही. एकच तार धरायची. त्यासाठी इस्त्रीची वायर सोलायला बसू नकोस! आखूड एक्स्टेंशन घे, त्यात तिन्ही तारा सुट्या ठेवून नीट इन्सुलेशनची जोडणी कर, किंवा बोर्डाच्या आतली सुटी तार धर. बोर्ड उघडायचा तर आधी मेन बंद.

काणकोणकार
वायर सोलायचाच विचार होता. वाचलो.

पेडण्याची_सून
एक गंमत विचारते. माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा ६० वॉटचा बल्ब सापडला. मुलाने मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासला तर ६५ ओहम. भागाकार केला: २३० ÷ ६५ = ३.५ अँपिअर. गुणाकार केला तर ८०० च्या वर वॉट! साठचा बल्ब आठशेचा कसा झाला? मुलगा आता म्हणतो ओहमचा नियम खोटा आहे आणि परीक्षेत तसं लिहिणार आहे.

सोलकढी
लिहू द्या. परीक्षक टीचर असतील तर करमणूक होईल.

फोंड्याची_टीचर
मुलाला शाबासकी द्या, कारण त्याने मोजून शंका काढली आहे. आणि लिहू देऊ नका.

बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध २३० × २३० ÷ ६० म्हणजे ८८० ओहमच्या आसपास असतो. मुलाने मोजला तो थंड बल्ब. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध १२-१५ पट होतो. म्हणजे मुलाचा आकडा खरा आहे, पण तो फक्त बटण दाबल्या क्षणाचा. त्या क्षणाला खरोखरच तीन अँपिअरच्या वर करंट जातो, डोळ्याची पापणी लवायच्या आत तार तापते आणि तो पाव अँपिअरवर येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण लावतानाच का उडायचे, ते यामुळे.

गीझरमध्ये मात्र टंगस्टन नसतो, निक्रोमसारखा मिश्रधातू असतो. तो तापला तरी रोध जेमतेम काही टक्क्यांनी बदलतो. म्हणून गीझरची कॉइल थंड असताना मल्टिमीटरने मोजली तरी चालते, बल्बची चालत नाही. चिऱ्याचे_घर, प्लग काढून, पूर्ण बंद करून, कॉइलच्या दोन टोकांना ओहम मोजा. २६-२७ च्या आसपास आलं तर दुकानदाराचा विषय संपला.

निवृत्त_वायरमन
टीचरनी 'प्लग काढून' म्हटलंय, ते मी पुन्हा ठळक करून सांगतो. ओहम मोजताना विजेचा संबंध नको. आणि साधा मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून प्रोब थेट प्लगाच्या भोकात घालू नका. अँपिअरवर असताना मीटरचा स्वतःचा रोध नगण्य असतो. २३० भागिले नगण्य किती, ते कागदावर करून बघा, भिंतीवर नको. एका घरी प्रोबची टोकं वितळून प्लगाला चिकटलेली मी स्वतः काढली आहेत.

भाणावरचा
सोडणांना प्रोब लागत नाही. सहज आपलं.

चिऱ्याचे_घर
प्लग काढून मोजलं. २६.४ ओहम. टीचर, तुमचा आकडा दशांशासकट आला! कॉइल ठणठणीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "मग लाइनच वीक असणार, स्टॅबिलायझर घ्या." स्टॅबिलायझरही त्याच्याचकडे आहे हे सांगायला नको.

अर्धवट_इंजिनियर
स्टॅबिलायझर हेच उत्तर आहे. १८४ चे २३० करून देईल. मी आधीच सांगणार होतो.

निवृत्त_वायरमन
थांब. १८४ हे गीझर चालू असताना, गीझरच्या पॉइंटवर. बंद असताना किती? आणि चालू असताना मीटरशेजारच्या मेन बोर्डावर किती? हे दोन आकडे मिळाल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. व्होल्ट आणि अँपिअर एका जागी मोजले तर यंत्राची तब्येत कळते. दोन जागी व्होल्ट मोजले तर मधल्या तारेची कळते.

वास्को_ते_पुणे
काकांचं म्हणणं वाचून आठवलं, ओहमसाहेब स्वतःही इथेच अडकले होते. गेओर्ग ओहम जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवायचे. सुरुवातीला त्यांनी प्रयोग केले ते व्होल्टाच्या बॅटरीवर. ती बॅटरी अशी की तार जोडली की तिचं स्वतःचंच व्होल्टेज पडायचं. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी छापलेलं पहिलं सूत्र चक्क बरोबर नव्हतं. मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने सुचवलं की बॅटरी सोडा, थर्मोकपल घ्या. तांबं आणि बिस्मथचा जोड, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमान स्थिर तर व्होल्टेज स्थिर. तेव्हा कुठे १८२६ मध्ये आकडे सरळ आले आणि १८२७ मध्ये पुस्तक निघालं.

गंमत म्हणजे त्यांच्या मूळ सूत्रात छेदात दोन गोष्टी आहेत: बाहेरच्या तारेचा रोध आणि उरलेल्या सर्किटचा रोध. आपण शाळेत पहिलीच पाठ करतो. काका विचारतायत ते दुसरीबद्दल.

फोंड्याची_टीचर
वा! हे मी वर्गात सांगणार. पुढचं मीच जोडते: पुस्तकाची जर्मनीत फारशी कदर झाली नाही, त्यांनी वैतागून नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आणि त्याच १८४१ मध्ये ज्यूलने मांडलं की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत असते. काकांचा पंप जळतो तो ज्यूलच्या हिशोबाने.

सोलकढी
चौदा वर्षांनी पदक. आमच्याकडे पेन्शनची फाइल याहून लवकर हलते. कधी कधी.

मानकुराद
अँपिअर हा पण माणूस, व्होल्ट हा पण माणूस, वॉट, ओहम, ज्यूल सगळी माणसंच. आपल्यातला एकही नाही?

भाणावरचा
'भाण' हे उष्णतेचं एकक करा. एक भाण म्हणजे सात माणसांची आंघोळ.

पेडण्याची_सून
आठवा गेला तर थंड पाणी. हा नियम प्रत्येक घरात सिद्ध झालेला आहे.

चिऱ्याचे_घर
काका, सगळं मोजलं. आज संध्याकाळचे आकडे:
गीझर बंद, मेन बोर्डावर: २१२ व्होल्ट
गीझर चालू, मेन बोर्डावर: २०७ व्होल्ट
गीझर चालू, गीझरच्या पॉइंटवर: १८४ व्होल्ट
करंट तोच, ६.९
मेनपासून न्हाणी तारेच्या मार्गाने साधारण २० मीटर. मेनपासून माळ्यावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत वडिलांच्या वेळची अॅल्युमिनियमची अडीच चौरस मिमीची वायर आहे, पुढे न्हाणी बांधली तेव्हा घातलेली तांब्याची दीडची. या लाइनीवर गीझरखेरीज काही नाही.

सोलकढी
२०७ आणि १८४. घरातल्या घरात २३ व्होल्ट गायब! घरभेदी सापडला.

निवृत्त_वायरमन
आता नीट बघा. बाहेरून येणाऱ्या तारेत ५ व्होल्ट पडले. ५ ÷ ६.९, म्हणजे ०.७ ओहम. ठीक आहे, लांबच्या लाइनीला एवढं चालतं. संध्याकाळी २१२ आहेत, २३० नाहीत, तेही समजण्यासारखं आहे, सगळ्या वाड्यात दिवे-पंखे चालू असतात.

घरात मात्र २३. तारेत किती पडायला हवेत? अडीचची अॅल्युमिनियम आणि दीडची तांब्याची, दोघींचा रोध जवळपास सारखाच: १०० मीटरला साधारण १.२ ओहम. जायला २० मीटर, यायला २० मीटर, एकूण ४०. म्हणजे अर्धा ओहमही नाही. अर्धा गुणिले ६.९, साडेतीन व्होल्ट.

२३ मधून साडेतीन काढले तर २० च्या आसपास उरतात. ते तारेत नाहीत, कुठल्यातरी जोडात आहेत. २० × ६.९ = १३८ वॉट. शंभराचा जुना बल्ब हातात धरवत नाही. त्याहून जास्त उष्णता तुमच्या घरात एखाद्या जोडाच्या नखाएवढ्या जागेत निघते आहे, आणि वर माळ्याची लाकडं आहेत.

आत्ता मेन बंद करा. माळ्यावरचा जंक्शन बॉक्स उघडायला लायसन्सवाला वायरमन बोलवा. तोवर गीझर लावू नका. अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडलेलं असणार, माझी पैज.

वास्को_ते_पुणे
पण काका, एवढं तापत असेल तर एमसीबी का नाही पडला?

निवृत्त_वायरमन
एमसीबी करंट बघतो. १६ चा एमसीबी, करंट ६.९. उलट त्या खराब जोडाच्या रोधामुळे करंट कमीच झालाय. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बघतो तो गेलेला आणि परत आलेला करंट सारखा आहे की नाही ते. जमिनीत गळती नाही, त्यामुळे तोही गप्प. ढिला जोड या दोघांच्याही नजरेतून सुटतो. मीटर आणि वजाबाकी, एवढंच हत्यार आहे.

अर्धवट_इंजिनियर
स्टॅबिलायझर लावला असता तर काय झालं असतं?

फोंड्याची_टीचर
गीझरला २३० देण्यासाठी त्याने लाइनीतून करंट वाढवून घेतला असता. तो वाढलेला करंट त्याच जोडातून आला असता. गीझर पूर्ण २००० वॉटवर चालला, तर स्टॅबिलायझरच्या मागे दहा-अकरा अँपिअर सहज. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे दुपटीच्या वर. ज्यूल, १८४१.

अर्धवट_इंजिनियर
स्टॅबिलायझर नकोच.

मानकुराद
😂😂

काणकोणकार
आमच्या शेजाऱ्यांकडे बोर्डाचा प्लग काळा पडलाय, फ्रिजचा. ते म्हणतात वर्षानुवर्षं तसाच आहे. हेच प्रकरण का?

निवृत्त_वायरमन
हेच. काळा पडलेला प्लग, पिवळी पडलेली वायर, जळक्या माशासारखा वास, या तिन्हीपैकी काही दिसलं की समजायचं रोध वाढलाय. आपल्या किनाऱ्याला खारी हवा, चार महिने ओल, पितळेवर हिरवट थर चढतो. शेजाऱ्यांना म्हणावं, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नवा प्लग जुन्या ढिल्या सॉकेटात घातला तर तो नवाही काळा होतो.

पेडण्याची_सून
जळक्या माशाचा वास आमच्या घरी नेहमीच असतो हो. ओळखायचा कसा?

निवृत्त_वायरमन
सोमवारी वास आला तर वायरमन बोलवा.

सोलकढी
काका आज फॉर्मात आहेत.

चिऱ्याचे_घर
वायरमन येऊन गेला. फोटो इथे चढत नाही, म्हणून लिहितो. माळ्यावरचा बॉक्स उघडला तर न्यूट्रलच्या जोडावरची टेप डांबरासारखी कडक झालेली, स्क्रू-ड्रायव्हर लागताच तुकडे पडले. आत अॅल्युमिनियमच्या तारेवर पांढरी भुकटी, तांब्याची तार काळीनिळी, आणि त्या दोघींना पिळलेल्या तीन वेढ्यांपैकी एकच वेढा धड टेकत होता. बॉक्सच्या झाकणाला आतून तपकिरी फोड आलेले. शेजारच्या वाशावर धुराचा डाग आहे, तो मी इतकी वर्षं जुन्या चुलीचा समजत होतो.

काका, पैज जिंकलात. तात्पुरता योग्य कनेक्टर घालून जोड नवा केला. आजच संध्याकाळी मोजलं: मेनला २१२ (गीझर बंद), गीझर चालू असताना पॉइंटवर २०३ व्होल्ट, ७.६ अँपिअर.

सोलकढी
२०३ ÷ ७.६ = २६.७. २०३ × ७.६ = १५४३ वॉट. कॉइल तीच, २७० वॉट फुकटात मिळाले.

फोंड्याची_टीचर
आणि २३ मिनिटांची १९ झाली. सकाळी २३० च्या जवळ व्होल्टेज असेल तेव्हा आणखी कमी.

चिऱ्याचे_घर, परवानगी असेल तर हे सगळे आकडे अकरावीच्या वर्गात उदाहरण म्हणून देते. पुस्तकात 'एका परिपथात' असतं, मुलांना त्या परिपथाचं सोयरसुतक नसतं. डिचोलीचा गीझर म्हटलं की मान वर करतील.

चिऱ्याचे_घर
जरूर द्या टीचर. फक्त दुकानदाराचं नाव विचारलं तर सांगू नका, गाव लहान आहे.

निवृत्त_वायरमन
कनेक्टर हे मलम झालं. पाऊस ओसरला की मेनपासून न्हाणीपर्यंत तांब्याची चारची स्वतंत्र लाइन ओढून घ्या, मध्ये एकही जोड नको, टोकाला १६ अँपिअरचं सॉकेट. चारच्या तारेत ४० मीटरला ०.२ ओहमपेक्षा कमी. आणि अर्थिंग तपासून घ्या. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले १०००, २३० मिलिअँपिअर. जीव जायला याच्या निम्माही पुरतो. न्हाणीच्या लाइनीवर आरसीसीबी नसेल तर आधी तो, मग बाकी सगळं.

वास्को_ते_पुणे
आई-वडील वास्कोच्या घरी दोघंच असतात. पुढच्या खेपेला मीटर बॅगेत टाकतोय. चवथीला घरी गेलो की पहिलं काम हेच.

भाणावरचा
चवथीला घरात माटोळी बांधायची असते, सगळे तुला शोधत असतील आणि तू जंक्शन बॉक्समध्ये डोकं घालून बसशील. आरतीला घुमट वाजवायला तरी ये.

मानकुराद
चवथीवरून आठवलं. गणपतीपुढची जुनी बारक्या बल्बांची माळ, एक गेला की सगळी बंद व्हायची. ती ओहमच्या नियमात कुठे बसते?

फोंड्याची_टीचर
सगळे बल्ब एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडणी. रोधांची बेरीज होते आणि व्होल्टची वाटणी. सहा व्होल्टचे बल्ब असतील तर २३० ला अडतीस-चाळीस लागतात. एक तुटला की रस्ता तुटला. काही जण गेलेला बल्ब काढून तिथे तार पिळायचे. तसं केलं की उरलेल्यांच्या वाट्याला थोडे जास्त व्होल्ट यायचे, मग तेही भराभर उडायचे.

मानकुराद
आमचे काका हेच करायचे. विसर्जनापर्यंत माळ निम्मी.

काणकोणकार
आता माझा पंप घ्या. एक एचपी, २३० व्होल्ट, चालताना ६.२ अँपिअर. २३० × ६.२ = १४२६ वॉट. पण एक एचपी म्हणजे ७४६ वॉट ना? दुप्पट कसे? पुन्हा ढिला जोड?

फोंड्याची_टीचर
जोड नाही. दोन गोष्टी मिसळताय. ७४६ हे मोटरच्या दांड्यावर मिळणारं काम. आत जाणारी वीज त्याहून जास्त असणारच, काही उष्णतेत जाते. दुसरं म्हणजे एसीवर मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे नुसता गुणाकार खरे वॉट देत नाही, त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तुमचे १४२६ हे व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ११४० वॉटच्या आसपास. आणि २३० ÷ ६.२ ने येणारे ३७ ओहम मल्टिमीटरने वाइंडिंगवर शोधू नका, तिथे थोडेच ओहम मिळतील. बाकीचा अडथळा मोटर फिरते म्हणून आणि चुंबकीय क्षेत्रामुळे तयार होतो. गीझरचा सरळ भागाकार फक्त गीझरच्या जातीला.

काणकोणकार
पण मागच्या वर्षी हाच पंप ५.१ घेत होता, नेमप्लेटवरही तेवढेच आहेत. व्होल्टेज आज २२८ आहे, म्हणजे कमी नाही.

निवृत्त_वायरमन
हां, मग मात्र बघायला हवं. व्होल्ट ठीक असून करंट वाढला तर एक तर बेअरिंग जड झालं, नाही तर पंपात गाळ अडकला, नाही तर कपॅसिटर उतरला. कपॅसिटर स्वस्त, आधी तोच. बंद केल्यावर लगेच हात लावू नको, आत चार्ज राहतो. किती मायक्रोफॅरडचा लिहिलाय?

काणकोणकार
डब्यावर ३६ लिहिलंय. वरचा भाग फुगलेला दिसतोय.

निवृत्त_वायरमन
फुगला म्हणजे गेला. ३६ चाच आण, ४४० व्होल्टचा. बसवल्यावर अँपिअर मोजून इथे टाक.